आजी, छप्पन साली तू काय केलेस?

आपल्या घरोघरी भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख शाळेत जाणाऱ्या पोरालाही पाठ आहे. पण त्याच भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीला, "आजी, छप्पन साली तू काय केलेस?" असे किती घरांत विचारले गेले? त्या वर्षी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज पंचाऐंशीच्या घरात आहे. विचारायला फार दिवस उरलेले नाहीत.

आंबेगाव तालुक्यातले अवसरी खुर्द घ्या. मंचरच्या शेजारचे गाव. २००९ पासून तिथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आज तिथे मुली यंत्रांचे, संगणकाचे शिक्षण घेतात. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळी या तालुक्यातल्या माणसाची वाट एकच होती, मुंबईची. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू याच तालुक्यातला. गिरणीत कामाला गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकखाली हुतात्मा झाला. गाव सोडून जाणे हे इथल्या मातीला नवे नाही.

परंतु महारवाड्यातला माणूस गाव सोडी तेव्हा त्याला पोटाखेरीज आणखी एक कारण असे. ते कारण म्हणजे वतन. वतन म्हणजे मान नव्हे, गळ्यातला फास. सांगावा पोहोचवा, लाकडे फोडा, मेलेले ढोर ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा. आणि या सगळ्याच्या बदल्यात दारोदार फिरून शिळे तुकडे गोळा करा. पुरुष मुंबईला गेला तरी गावकी सुटत नसे. ती मागे राहिलेल्या बायकोच्या आणि म्हाताऱ्या आईच्या अंगावर पडे. टोपली डोक्यावर घेऊन वाड्यावाड्यावर भाकरीसाठी आवाज देणारी बहुधा बाईच असायची. हे वतन कायद्याने मोडले ते १९५८ साली. म्हणजे ज्यांनी हे भोगले त्यांतल्या काही जणी आजही आपल्यात आहेत.

आता थोडे दूर जाऊ या. अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रात क्यूबा नावाचे बेट आहे. तिथे १९५९ च्या जानेवारीत फिडेल कॅस्ट्रो यांच्या नेतृत्वाखाली क्रांती यशस्वी झाली. १९६१ साल त्यांनी शिक्षणाचे वर्ष म्हणून पाळले. सुमारे एक लाख शाळकरी मुले-मुली पाट्या-पुस्तके आणि कंदील घेऊन डोंगरातल्या खेड्यांत गेली आणि शेतकऱ्यांच्या झोपडीत राहून त्यांना वाचायला शिकवले. त्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी रात्रीच्या शाळा निघाल्या. त्याच सुमारास हजारो कुटुंबे मात्र देश सोडून समोरच्या किनाऱ्यावर, अमेरिकेतल्या मायामी शहरात गेली. १९६० ते १९६२ या काळात चौदा हजारांहून अधिक मुले तर आईबापांशिवाय, एकटी पाठवली गेली. अशा घरांतल्या बाया म्हाताऱ्या होईपर्यंत मागे राहिलेल्या घराच्या आठवणी काढत राहिल्या. मागे राहिलेल्या गरीब बाईला तेच वर्ष आठवते ते आपल्या हाताने पहिल्यांदा नाव लिहिल्याचे. देश एक, साल एक, पण आठवण कुणाच्या पदरात बांधली आहे यावर तिचा रंग ठरतो.

ऑस्कर लुईस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६९-७० मध्ये हवानात जाऊन सामान्य माणसांच्या कहाण्या टेपवर उतरवून घेतल्या. त्यांतल्या चार बायकांचे स्वतंत्र पुस्तक १९७७ साली निघाले.

आपल्याकडे हे काम आपल्याच दोन बहिणींनी केले आणि त्यासाठी बाहेरून कुणी यावे लागले नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या दारात गेल्या, बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक समाजापुढे ठेवले. ज्या घरात हे पुस्तक नाही त्या घराने ते आणावे, इतके मी आग्रहाने सांगेन. त्यात महाडला गेलेल्या आहेत, नाशिकच्या सत्याग्रहातल्या आहेत, नागपुरातल्या आहेत.

या आठवणी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. पुरुष सभा सांगतात, ठराव सांगतात, कोण कोण व्यासपीठावर होते ते सांगतात. बायका पाणी सांगतात, लुगडे सांगतात, चूल सांगतात. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी बायकांना सांगितले की तुमच्या नेसण्यावरून जात ओळखू येते, ती रीत टाका, अंगावरचे ते जड दागिने टाका. आणि बायांनी तिथल्या तिथे नेसण बदलले, लुगडे घोट्यापर्यंत आले. हातभर कापड खाली घेण्यात काय क्रांती, असे ज्याला वाटत असेल त्याने त्या वेळच्या गावात ते तसे नेसून वेशीतून चालून पाहायला हवे होते.

छप्पन सालाचेही तसेच. नागपूरला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत जमले हे पुस्तकात आहे. पण त्यानंतर गावोगावी घरातले देव्हारे उतरले, ते कुणी उतरवले? ज्या बाईने लग्न होऊन आल्यापासून त्या देवांना हळदकुंकू वाहिले, नवस केले, पोर आजारी पडल्यावर रात्रभर त्यांच्यापुढे डोके टेकले, तिनेच ते टोपलीत घातले. नदीवर नेताना तिला भीती वाटली असेल की नाही? रात्री झोप लागली असेल का? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. बावीस प्रतिज्ञा उच्चारायला काही मिनिटे पुरतात, त्या पाळायला घरातल्या बाईचे धाडस लागले.

मायभूमीचे काय? मायामीतल्या बाईला मागे राहिलेल्या घराची ओढ होती, कारण ते घर तिचे होते. आपल्या बाईला गावाने घर दिले ते वेशीबाहेर. विहीर होती, पण वरून कुणी पाणी ओतील तेव्हा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना कडक उत्तर दिले ते उगाच नव्हे. त्याआधी १९४२ च्या जुलैत नागपूरच्या अधिवेशनात अस्पृश्यांसाठी वेगळ्या वसाहती हव्यात असा ठरावच झाला होता. त्याच दिवसांत, त्याच ठिकाणी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली होती. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या.

म्हणून आपली बाई मुंबईला गेली तेव्हा ती एका अर्थाने निर्वासित होती आणि एका अर्थाने सुटलेली. बी.डी.डी. चाळीतली एकशे साठ चौरस फुटांची खोली, त्यात दहा माणसे, संडासाला रांग. गिरणीत वाइंडिंग-रिलिंगच्या खात्यात बायकांना काम मिळे. पुरुषांना मात्र विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि शिवाशिव आडवी येई. शहरातही जात होतीच. पण चाळीच्या नळाला कुणी वरून पाणी ओतत नव्हते. आणि तरीही हीच बाई सुगीच्या दिवसांत घोड नदीची, शेतातल्या हुरड्याची, माहेरच्या बोलीची आठवण काढून डोळे पुसते. क्यूबात जे दोन बायकांच्या वाट्याला वेगवेगळे आले ते हिच्या एकटीच्या पोटात आहे. तिला गाव नकोही आहे आणि हवेही आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि कित्येक कुटुंबे परत गावी आली. त्यांना हे दुसऱ्यांदा भोगावे लागले. (याच तालुक्यात डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव गावच बुडाले. गावाचे नाव तालुक्याला उरले, गाव नाही. तिथल्या बायकांना, त्यांत आदिवासी भगिनी बहुसंख्य, विचाराल तर आणखी एक इतिहास निघेल.)

आता थोडे कडू. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. फलटणला त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. मालाच्या पुड्या बांधायला जी रद्दी येई तीच त्या वाचत. गिऱ्हाईक नसताना लिहीत. आणि लिहिलेली वही घरच्यांपासून लपवून ठेवीत. एक-दोन महिने नव्हे, कित्येक वर्षे. नवऱ्याचा संशय आणि मार याविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात त्यांनी स्वतःपेक्षा समाजाचे दुःख पुढे ठेवले. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या बाईला, बाबासाहेबांच्याच अनुयायाच्या घरात, वही लपवावी लागली. बंधूंनो, हे आपण वाचले पाहिजे. १९४२ च्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, दासी होऊ नये असे सांगितले होते. क्यूबातही क्रांतीनंतर सोळा वर्षांनी, १९७५ साली, घरकामात नवऱ्याने निम्मा वाटा उचलावा असा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण तिथल्या बायका अजून तक्रार करतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' त्यांनी निवृत्तीनंतर लिहिली आणि तिच्यावरून 'नाजुका' ही मालिका दूरदर्शनवर आली. बेबीताई २०१२ साली गेल्या, शांताबाई २०२३ साली. त्यांनी लिहून ठेवले म्हणून उरले. आपल्या आजीने लिहिलेले नाही, कारण तिला लिहिताच येत नव्हते.

तेव्हा यंदा सुट्टीत अवसरीला, किंवा तुमचे जे गाव असेल तिथे जाल तेव्हा मोबाइल सोबत न्याच. आजीला "चळवळीविषयी सांग" म्हणाल तर ती "मला काय कळतंय" म्हणून उठून जाईल. पाण्यापासून सुरू करा. पाणी कुठून आणायचीस, घागर कोण भरून द्यायचे, किती वेळ उभे राहावे लागायचे, असे विचारा. मग नेसणीचे, मग देव्हाऱ्याचे, मग मुंबईच्या पहिल्या रात्रीचे. मध्ये कुणी पुरुषाने दुरुस्ती करू नये. साल चुकले तर चुकू द्या, ते नंतर लावता येते. नवऱ्याविषयी, सासूविषयी काही निघाले तर तेही पुसू नका. ती थांबली तर थांबा, आणि ती बोलत असेल त्या वेळेपुरता तरी घरातला चहा नातवाने करावा.