काळ्या पडद्यावरची लुकलुक

बार्शीटाकळीहून अकोला सुमारे वीस किलोमीटर. पण मागच्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात गर्भ पडला असेल, तर सोनोग्राफीच्या दिवशी हा रस्ता संपता संपत नाही. जिल्हा स्त्री रुग्णालयात, म्हणजे अकोलेकरांच्या लेडी हार्डिंगमध्ये, किंवा एखाद्या खासगी केंद्रात नंबर येईपर्यंत पाण्याची बाटली रिकामी झालेली असते. आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न एकच: "ठोके हायेत न मॅडम?"

ते पाणी उगाच प्यायला लावत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशय खाली ओटीपोटात असतं. भरलेली लघवीची पिशवी वायूने भरलेल्या आतड्यांना बाजूला सारते आणि ध्वनिलहरींना वाट करून देते. हवा हा या लहरींचा शत्रू. पोटावर तो गार जेल लावतात तोही प्रोब (पोटावर फिरवायचं उपकरण) आणि कातडीमधली हवा घालवायला. प्रोबमधले स्फटिक सेकंदाला काही दशलक्ष वेळा कंप पावतात. आपल्या कानाला हा आवाज ऐकू येत नाही. शरीरात तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, म्हणजे दहा सेंटीमीटर खोलवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सात हजार सातशेव्या भागाच्या आसपास परत येतो. असे असंख्य प्रतिध्वनी जुळवून ते करडं चित्र उभं राहतं. क्ष-किरणांचा इथे संबंध नाही.

ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी एका कारखान्यात नेऊन, धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावर तपासल्या. अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांचा लेख १९५८ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आज आपल्या लेकी-सुना ज्या खाटेवर आडव्या होतात, तिथल्या तपासणीची ही सुरुवात.

पडद्यावर आधी काळी पोकळी दिसते, म्हणजे गर्भाची पिशवी. तिच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ आणि त्यात एक लुकलुक. सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसणारं ते हृदय. नवव्या आठवड्याच्या सुमारास ठोके मिनिटाला १७० च्या आसपास जातात, पुढे ११० ते १६० मध्ये स्थिरावतात. वेग ऐकून घाबरू नये, लेकराचं काळीज धावतंच. ही लुकलुक एकदा दिसली की गर्भ पडण्याची शक्यता बरीच कमी होते. मात्र काळजीपोटी पाचव्याच आठवड्यात धाव घेतली, तर नुसती पिशवी दिसते आणि घोर वाढतो. पाळीची तारीख मागेपुढे झालेली असली तरी तसंच होतं. अशा वेळी डॉक्टर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतात. ते दिवस फार कठीण जातात. पण पुन्हा बोलावलं म्हणजे वाईटच आहे, असं नाही.

तपासताना डॉक्टर गप्प होतात, तेव्हा बाईच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा ते मापं घेत असतात. विशेषतः १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत, जिथे डोकं, मणका, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, वार एकेक करून पाहायची असते. इथे माझं एक आग्रहाचं म्हणणं आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी आणि केंद्राने १९९४ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला. तो हवाच होता. त्याची पाटी प्रत्येक केंद्रात असते. पण मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे, ठोके दाखवायला नाही. "हे बघा काळीज, व्यवस्थित आहे," एवढं वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात, आणि बाई त्यावर महिना काढते.

अर्थात सोनोग्राफी त्या दिवसाचं सांगते. सगळे दोष तिच्यात दिसतातच असं नाही, आणि काही आठवड्यांत मन पुन्हा शंका घेऊ लागतं. मग कामाला येते लेकराची हालचाल. पहिलटकरणीला ती साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते. वार पुढच्या बाजूला असेल तर थोडी उशिरा. सातव्या महिन्यानंतर तिची एक रीत आईला ठाऊक झालेली असते. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडलं की ती नीट जाणवते. एरवीसारखी जाणवली नाही, तर पुढच्या तारखेची किंवा सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा.