‘आयडियालिझम्’ : इंग्रजींत आणि उर्दूंत

परभणी जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथील सुशिक्षित मराठी मनुष्याच्या घरांत मराठी असे व कचेरींत उर्दू. 1918 मध्यें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचें शिक्षणाचें माध्यमहि उर्दूच होतें. इंग्रजी हा मात्र तेथें आवश्यक विषय होता. पाश्चात्य शास्त्रांचे ग्रंथ उर्दूंत आणण्यासाठीं विद्यापीठास जोडून भाषांतराचें एक स्वतंत्र खातें होतें. अशा ठिकाणीं ‘आयडियालिझम्’सारख्या शब्दाची खरी परीक्षा होते.

इंग्रजींत हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींचें ओझें वाहतो. बर्कलेनें 1710 मध्यें प्रतिपादिलें कीं, जाणणाऱ्या मनावांचून बाह्य वस्तूंस अस्तित्वच नाहीं. हा एक ‘आयडियालिझम्’. पगाराची आशा सोडून खेड्यांत शाळा चालविणाऱ्या तरुणास ज्या गुणामुळें ‘आयडियालिस्ट’ म्हणतात, तो दुसरा. या तरुणाला टेबलखुर्चीच्या अस्तित्वाविषयीं तिळभरहि शंका नसते! तरी शब्द एकच असल्यामुळें पहिल्या अर्थाची सावली दुसऱ्यावर पडते, आणि ध्येयासाठीं झिजणारा मनुष्य वास्तवाला पारखा झालेला समजला जातो.

उर्दूनें ही गांठ बरीचशी सोडविली आहे. तत्त्वज्ञानांतील मतास ती ‘तसव्वुरियत’ किंवा ‘ऐनियत’ म्हणते. आचरणांतील वृत्तीस ‘मिसालियत-पसंदी’. ‘तसव्वुर’ म्हणजे मनांतील कल्पना, आणि ‘मिसाल’ म्हणजे दाखला. ‘ऐन’ तर आपल्या ओळखीचाच आहे. ‘ऐन दिवाळींत’, ‘ऐन वेळीं’ असें आपण म्हणतों, तोच हा अरबी शब्द. डोळा, झरा आणि वस्तूचें मूळ स्वरूप असे त्याचे अर्थ आहेत. (आरशाचा ‘ऐना’ मात्र फारशी, त्याचें कूळ वेगळें.) प्लेटोच्या ग्रीक ‘आयडिया’ शब्दाच्या मुळाशींहि ‘पाहणें’ हाच धातु आहे. म्हणून प्लेटोच्या ‘आयडिया’ना ‘ऐन’चें अनेकवचन ‘आयान’ हा प्रतिशब्द मिळाला, त्यांत मला मोठें औचित्य दिसतें.

त्याच ‘ऐन’पासून उर्दूंत ‘नसबुलऐन’ झाला. डोळ्यांसमोर उभें केलेलें, म्हणजेच ध्येय. आपलें ‘ध्येय’ चिंतनांतून येतें, उर्दूचें दृष्टींतून. मराठींतहि चिद्वाद व ध्येयवाद असे दोन शब्द आहेत. पण बोलतांना आपण दोहोंऐवजीं इंग्रजी शब्दच वापरतों, आणि गोंधळहि त्याच्यासवें घरांत घेतों.

या गोंधळाची किंमत मराठवाड्यास ठाऊक आहे. 1938 मध्यें उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनीं ती मानिली नाहीं. त्यांना काढून टाकण्यांत आलें आणि पुष्कळजण शिक्षणासाठीं नागपूर विद्यापीठांत गेले. अशा मुलांना व्यवहारी वडीलधाऱ्यांकडून ‘खयाली पुलाव’ हा उर्दू टोमणा किंवा ‘मनांतले मांडे’ हा मराठी टोमणा सहज मिळतो. परंतु मनांतले मांडे खाणारा आपली जागा सोडीत नाहीं. या मुलांनीं विद्यापीठ सोडलें, गांव दूर केलें, हातची पदवी धोक्यांत घातली. आणि या प्रत्येक वस्तूचें मोल त्यांना पुरतें माहीत होतें. ‘तसव्वुरियत’ हा शब्द त्यांना लावतां येत नाहीं, ‘नसबुलऐन’ येतो.