खानदेशच्या अंगणांत विलो

तळ्याच्या कांठीं उभा राहून आपल्या बारीक, लांबलचक फांद्या थेट पाण्यावर सोडणारा विलो ज्यानें काश्मीरच्या प्रवासांत किंवा नुसता चित्रांत पाहिला असेल, त्याला तो आपल्याहि बागेंत असावा असें वाटल्यावांचून राहत नाहीं. इंग्रजींत त्यास 'वीपिंग विलो' म्हणतात; उत्तर हिंदुस्थानांत फारशीवरून आलेलें 'बेद-ए-मजनू' हें नांव चालतें. दोन्ही नांवांत विरहदुःखाची कल्पना आहे. परंतु ज्या देशांतून हा वृक्ष आला त्या चीनमध्यें निरोप देतांना विलोची डहाळी मोडून हातीं देण्याची चाल होती, कारण त्या भाषेंत विलोचें नांव व 'थांब' हा शब्द यांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे.

शास्त्रीय नांवांत मात्र या झाडाला 'बाबिलोनचा' म्हटलें आहे, आणि तें चुकीनें. बायबलांत बाबिलोनच्या नद्यांकांठच्या ज्या झाडांचा उल्लेख येतो तीं हींच, असें लिनीअस या पंडितानें अठराव्या शतकांत धरून चालल्यामुळें तें नांव कायम झालें. तीं झाडें बहुधा फरात नदीकांठचे पॉप्लर होते. विलो मूळचा उत्तर चीनमधला. थंडी आणि पाणी या दोहोंच्या सहवासांत वाढलेला.

खानदेशांत अडचण येते ती येथेंच. पारोळा हें धुळें-जळगांव रस्त्यावरील गांव. १७२७ सालीं बांधलेला भुईकोट किल्ला ही त्याची जुनी ओळख. जवळून बोरी नदी जाते, आणि तालुक्यांत तामसवाडीस तिच्यावर धरणहि आहे. तथापि नदी आहे म्हणून अंगणांत पाणी आहे असें होत नाहीं. या भागांत वर्षाचा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि वैशाखांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत विहिरींनीं तळ गांठलेला असतो, आणि विलोची तहान नेमकी तेव्हांच सर्वांत मोठी असते. निंबाचें झाड खोल मुळांवर आणि काटकसरीवर उन्हाळा काढतें. विलोला काटकसर ठाऊक नाहीं. त्याच्या पानांतून पाणी एकसारखें उडून जात असतें. तें भरून निघालें नाहीं कीं पानांच्या कडा करपतात, मग पानें गळतात, आणि दोन-तीन उन्हाळे असे गेल्यावर झाड शेंड्याकडून वाळत येतें. म्हणून ज्या घरीं चैत्र-वैशाखांत पिण्याचें पाणी मोजून वापरावें लागतें, त्या घरानें हें झाड लावूं नये, हें आधींच स्पष्ट सांगितलेलें बरें.

ज्या मळ्यावर विहिरीला बारमाही पाणी आहे, किंवा ज्या वाड्याच्या न्हाणीचें पाणी परसांत सोडतां येतें, तेथें प्रयोग करण्यास हरकत नाहीं. मात्र न्हाणीच्या पाण्यांत सोड्याचा अंश फार असतां कामा नये. खानदेशची काळी जमीन चुनखडीमुळें आधींच खारट अंगाची. तींत सोडा मिसळला म्हणजे झाडाला लोह घेतां येत नाहीं, आणि पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असें दिसतांच सांडपाणी बंद करून विहिरीचें पाणी द्यावें व शेणखत वाढवावें.

रोप करण्याची रीत अगदीं सोपी आहे, कारण विलोइतकें सहज मूळ धरणारें झाड विरळा. पौष-माघांत, नवी पालवी फुटण्यापूर्वीं, करंगळीएवढ्या जाडीची गेल्या वर्षाची काडी घ्यावी. तिचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत. डोळे वरच्या बाजूला राहतील अशा बेतानें दोनतृतीयांश भाग कुंडीतल्या ओल्या मातींत खोंचावा. उलटी खोंचलेली काडी बहुधा वायां जाते, म्हणून खालचें टोंक तिरकें व वरचें सरळ कापण्याची माळ्यांची पद्धत आहे. पहिला उन्हाळा हीं रोपें सावलींतच काढूं द्यावीं. मृगाचा पाऊस पडल्यावर तीं जमिनींत लावलीं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने मुळांना हातीं मिळतात, आणि पुढच्या उन्हाळ्याला झाड उघडें पडत नाहीं.

जागा निवडतांना फार विचार हवा. विलोचीं मुळें पाण्याच्या शोधांत दूरवर जातात; नळाच्या सांध्यांतून, गटाराच्या फटींतून, विहिरीच्या दगडी बांधकामांतूनहि शिरतात. घर, विहीर व मोरी यांपासून निदान चाळीस फूट अंतर ठेवावें. एवढी मोकळी जागा नसेल तर हा नाद सोडावा. दहा वर्षांनीं विहिरीचा बांध फुटल्यावर झाड तोडणें हें दुःखाचेंहि आहे आणि खर्चाचेंहि. पश्चिमेच्या बाजूला करंज किंवा निंब आधींच उभा असेल तर दुपारचें ऊन व झळा तो अंगावर घेतो.

खड्डा तीन फूट लांब, तितकाच रुंद व खोल असावा. त्यांत नदीचा गाळ, कुजलेलें शेणखत व निघालेली माती मिसळून भरावी. इतर झाडांना साचलेल्या पाण्याचें भय असतें तसें याला नाहीं. याला भय आहे तें भेगांचें. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत हातहात तडकते. त्या तडकण्यांत कोंवळीं मुळें तुटतात आणि भेगेंतून गरम हवा आंत शिरते. यावर उपाय एकच: फाल्गुनापासून आळ्यांत कडबा, उसाचें पाचट किंवा वाळलेला पाला यांचा वीतभर थर अंथरावा, व तो बुंध्याला मात्र टेकूं देऊं नये. खानदेशांत वाळवी फार, म्हणून बुंध्यास गेरू व चुना लावण्याची जुनी चाल येथेंहि पाळावी. खोडाला छिद्र पडून बाहेर भुसा दिसूं लागला कीं आंत किडा आहे असें समजावें. तार घालून तो मारावा आणि छिद्र चिखलानें बुजवावें.

झाड पुरुषभर उंचीचें होईपर्यंत त्याच्या फांद्या झुकूं देऊं नयेत. एक सरळ कोंब काठीला बांधून सात-आठ फूट चढवावा, बाजूच्या फुटव्या खुडाव्या, आणि मगच डोकें मोकळें सोडावें. नाहींतर फांद्या जमिनीवर लोळतात. छाटणी हिवाळ्यांत. इतकें करूनहि काश्मीरचा विस्तार येथें येईल अशी आशा धरूं नये. येथला विलो लहानखुरा राहतो व थोड्या वर्षांचा सोबती असतो.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांना घरचाच एक विलो आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते. महाराष्ट्रांतील नद्या-ओढ्यांच्या कांठीं आढळणारा 'वाळुंज' हा त्याच कुळांतला. त्याचीं पानें विलोसारखींच लांबट, पण अधिक रुंद व खालून पांढुरकीं. फांद्या तितक्या लोंबत नाहींत, ही त्याची उणीव खरी. परंतु या देशाचें ऊन त्याच्या अंगवळणीं पडलेलें आहे आणि पुरांतहि तो टिकतो. पाणी त्यालाहि हवें, म्हणून तो ओढ्याच्या किंवा पाटाच्या कांठींच शोभतो. काडी लावण्याची रीत वर सांगितली तीच. आणि केवळ लोंबत्या फांद्यांचीच हौस असेल तर ऑस्ट्रेलियांतून आलेला लोंबता 'बॉटलब्रश' लावावा. त्याला लाल फुलांचे तुरे येतात, आणि एकदां मूळ धरल्यावर विलोच्या मानानें त्याचें फार थोड्या पाण्यावर भागतें.