नेट घरात येते, पण खोलीत पोचत नाही

घरातल्या इंटरनेटचे दोन टप्पे असतात. पहिला काचेच्या तंतूतून दारापर्यंत येतो, दुसरा राउटरपासून हवेतून हातातल्या फोनपर्यंत जातो. दोन्हींचे नियम वेगळे, बिघाड वेगळे आणि उपायही वेगळे. तक्रार मात्र एकच असते, ‘नेट स्लो आहे’, आणि ती केबलवाल्याकडे जाते. तो येतो, राउटर बंद करून चालू करतो, नाहीतर मोठा प्लॅन घ्यायला सांगतो. दर महिन्याला जास्त पैसे जाऊ लागतात आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ पूर्वीसारखाच अडकत राहतो, कारण खोट पहिल्या टप्प्यात नसतेच. मुलांचा अभ्यास, घरून चालणारी नोकरी, परगावच्या डॉक्टरांशी बोलणे हे सगळे आता या दोन टप्प्यांवर चालते. त्यामुळे नेमके कुठे अडते हे घरातल्या एका तरी माणसाला कळणे गरजेचे आहे.

खांबावरून किंवा गच्चीवरून घरात शिरणाऱ्या बारीक वायरीच्या आत काचेचा एक तंतू असतो. प्रकाश ज्यातून जातो तो त्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. या तंतूतून वीज वाहत नाही, प्रकाश धावतो, तोही सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने. सध्या सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत घराकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर येते आणि घरातून जाणारी १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर जाते. तरंगलांबी वेगळी असल्याने एकाच तंतूतून ये-जा बिनबोभाट चालते. हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून निघालेल्या वायरीच्या टोकात कधीही डोकावू नये.

कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेतल्या पेटीत फुटतो आणि ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. प्रकाश वाटून देणाऱ्या त्या स्प्लिटरला वीज लागत नाही. तंतूची सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता ही सगळी घरे वाटून घेतात. रात्री जेवणानंतर सगळ्यांचे टीव्ही एकदम सुरू झाले की वेग उतरतो, त्याचे एक कारण हे वाटप असू शकते.

पहिला टप्पा तुटला आहे का, हे घरात ही वायर जिथे संपते ती भिंतीवरची पेटीच सांगते. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर प्रकाश नीट पोचतो आहे. ‘एलओएस’ या अक्षरांपाशी लाल दिवा लागला असेल तर प्रकाश येतच नाही. बाहेर फांदी पडून वायर तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा घरातच कपाट सरकवताना ती भिंतीशी दाबली गेली असेल. काचेला तीव्र वळण सोसत नाही, वळणाशी प्रकाश बाहेर निसटतो. उरलेली वायर गुंडाळायचीच असेल तर बशीएवढे सैल वेटोळे करावे. लाल दिवा लागला की मात्र केबलवाल्याला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही.

पेटीत शिरलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर झाले की राउटरचे काम सुरू होते. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला स्वतंत्र पत्ता द्यायला ते पुरत नाहीत. म्हणून बाहेरच्या जगाला सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो आणि आत राउटर १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो. सोसायटीच्या पत्त्यावर आलेले टपाल रखवालदाराने फ्लॅट पाहून पोचवावे, तसे कोणते उत्तर कोणत्या उपकरणाचे हे तो लक्षात ठेवतो.

इथून पुढे हवा. वाय-फायचे पहिले मानक, आयईईई ८०२.११, १९९७मध्ये आले. त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट होता. ‘वाय-फाय’ हे नाव १९९९मध्ये एका ब्रँड सल्लागार कंपनीकडून करून घेतलेले आहे. ते कुठल्या तांत्रिक शब्दांचे लघुरूप आहे, हा समज चुकीचा आहे. या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यातलीची साडेपाच-सहा. लांब लहर भिंतीतून अधिक तग धरून जाते, पण तिच्या पट्ट्यात जागा कमी आणि गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर अन्न तापवतो. आखूड लहरीच्या पट्ट्यात ऐसपैस जागा आहे, वेगही जास्त, पण दोन भिंती ओलांडताना ती थकते. राउटर असलेल्या खोलीत ५ आणि लांबच्या खोलीत २.४, ही ढोबळ वाटणी बहुतेक घरांना चालते.

अडथळा किती, हे भिंत कशाची आहे त्यावर ठरते. साडेचार इंची विटेची भिंत फारसे अडवत नाही. लोखंडी सळयांचे जाळे असलेला स्लॅब आणि खांब बरेच अडवतात. कोकणातल्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंती आणि जुन्या वाड्यांच्या हातभर रुंद भिंती लहर जवळजवळ गिळून टाकतात, आणि भिंत ओली असेल तर आणखीच, कारण पाणी या लहरी शोषून घेते. धातू त्या परतवून लावतो. आता नेहमीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचे चित्र पाहावे. वायर मुख्य दारापाशी आत आली म्हणून राउटर दिवाणखान्याच्या त्याच कोपऱ्यात, टीव्हीमागे, शोकेसच्या कप्प्यात बसवला जातो. तिथून आतल्या खोलीतल्या पलंगापर्यंतच्या वाटेत टीव्हीची धातूची पाठ, फ्रिज, दोन भिंती आणि दारावर आरसा असलेले लोखंडी कपाट उभे असते. शिवाय राउटरची अर्धी ताकद बाहेरच्या जिन्यात वाया जाते. तोच राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर, उघड्या जागी आणला तर एक पैसाही खर्च न करता फरक पडतो. अँटेनाभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात, बाजूंना जास्त आणि टोकाच्या दिशेने कमी. म्हणून एकमजली घरात अँटेना उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावर पोचायचे असेल तर त्यातली एक आडवी करावी.

हवेचा आणखी एक नियम सहसा कुणी समजावून सांगत नाही. वाय-फायचा प्रत्येक चॅनेल एकेरी पुलासारखा असतो, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीची आधी ऐकतात, शांतता झाली की आपला नंबर लावतात. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही याच रांगेत येतो. दाट वस्तीच्या इमारतीत २.४चा पट्टा संध्याकाळी तुंबतो तो यामुळे, कारण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच मानले जातात, १, ६ आणि ११. त्यात लांबच्या खोलीतल्या फोनला लहर अशक्त मिळते, म्हणून राउटर त्याच्याशी सावकाश बोलतो आणि त्याची पाळी लांबते. तेवढा वेळ दिवाणखान्यातला टीव्ही खोळंबतो. एका कोपऱ्यातली कमकुवत रेंज अशी सगळ्या घराचा वेग खाते.

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे पाच मिनिटांत तपासता येते. लॅपटॉप वायरीने थेट राउटरला जोडून वेग मोजावा, मग वाय-फायवर राउटरशेजारी आणि शेवटी आतल्या खोलीत. वायरीवरच वेग कमी असेल तर कंपनीशी भांडायला जागा आहे. वायरीवर पुरेपूर आणि खोलीत कमी असेल तर प्लॅन वाढवून काहीही साधणार नाही. मोजताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. आणि स्वस्त राउटरचे पोर्ट बऱ्याचदा १०० मेगाबिटचेच असतात, त्यांवर २०० किंवा ३००चा प्लॅन घेऊनही वायरीवर तो दिसत नाही. एरवी एचडी व्हिडिओला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात. चार माणसांच्या घराला १०० मेगाबिट सहसा कमी पडत नाहीत.

राउटर हलवूनही भागत नसेल तर दुसरे यंत्र लागते. स्वस्तातला रिपीटर ऐकलेले तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. मेश संच अधिक समंजसपणे काम वाटून घेतो, पण सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे तांब्याची कॅट-६ वायर. ती १०० मीटरपर्यंत न थकता माहिती नेते. घराचे काम निघाले असेल तर इलेक्ट्रिशियनला प्रत्येक खोलीपर्यंत एक जादा पाइप टाकून ठेवायला सांगावे. फरशी बसल्यावर ते काम फार महाग पडते.

वीज गेली की नेट जाते तेही बहुधा घरातल्याच पेटीमुळे, वायरीतला प्रकाश येतच असतो. राउटर साधारण १० वॉट घेतो, म्हणजे दिवसरात्र चालून महिन्याला सात युनिटांच्या आसपास. १२ व्होल्टवर चालणारा छोटा यूपीएस त्याला काही तास सहज चालवतो. भारनियमन सोसणाऱ्या गावांत मोठ्या प्लॅनपेक्षा हा खर्च जास्त उपयोगी पडतो.

स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरे याच हवेत भर घालतात. त्यांतले बहुतेक फक्त २.४ पट्ट्यावर चालतात आणि फोनवरून दिलेली आज्ञा अनेकदा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून फिरून येते. त्यामुळे नेट गेले की हाताशी असलेला दिवाही ऐकत नाही. अशा दिव्याला भिंतीवरचे साधे बटण असलेच पाहिजे. सुरक्षेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून येतात तेच पासवर्ड वापरून जगभरचे लाखो घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला तिच्या हल्ल्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. आपली उपकरणे त्यात सामील आहेत याचा मालकांना पत्ताही नव्हता. म्हणून राउटरच्या सेटिंगचा ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे आणि बल्ब-कॅमेरे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावेत. बँकेचे व्यवहार होणारा फोन आणि अनोळखी कंपनीचा कॅमेरा एकाच नेटवर्कवर नसावेत. आणि जुना राउटर परत करताना किंवा भंगारात देताना मागच्या बारीक छिद्रात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत साठलेला घरचा पासवर्ड पुसला जातो.