पाण्याखालचा श्वास



दुखणेंकऱ्याला बरें वाटूं लागलें कीं त्याच्या मनांत पहिली इच्छा उत्पन्न होते ती कोठें तरी दूर जाण्याची. त्याच त्या चार भिंती, औषधांच्या त्याच बाटल्या आणि समाचाराला येणाऱ्यांचे तेच ते शब्द, यांचा त्याला वीट आलेला असतो. माझेंहि तसेंच झालें. दोन वर्षांपूर्वीं ऐन पावसाळ्यांत मला न्यूमोनिया झाला. छातींत पू धरला, नळी घालून तो काढावा लागला, आणि चोवीस दिवस रुग्णालयांत काढून मी घरीं परतलों तेव्हां जिन्याच्या आठ पायऱ्या चढतांना मला दोनदां बसावें लागलें. मी अंथरुणावर असतांना माझा मुलगा मला लक्षद्वीपच्या समुद्रतळाचीं चित्रें दाखवीत असे. "बाबा, तुम्ही बरे व्हा, आपण दोघे मिळून बुडी मारूं," असें तो म्हणे. त्या एका आशेवर मीं महिनेच्या महिने काढले. ती आशा पुरी कां झाली नाहीं, आणि तरीहि तो प्रवास सुखाचा कसा झाला, हें मी आज आपणांस सांगणार आहें. त्या निमित्तानें पाण्याखालीं माणसाच्या श्वासाचें काय होतें याचाहि उलगडा होईल. हल्लीं तारकर्लीपासून अंदमानापर्यंत पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रांत उतरण्याची हौस वाढत आहे, आणि उतरणाऱ्यांत माझ्यासारखे दुखण्यांतून उठलेलेहि असतात.

बुडी शिकविणारे लोक प्रथम एक प्रश्नपत्रिका भरून घेतात. दमा आहे काय, फेपरें येतें काय, कानाचें, हृदयाचें किंवा फुफ्फुसाचें दुखणें कधीं झालें होतें काय, असे तींत प्रश्न असतात. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नास 'होय' असें उत्तर आलें कीं डॉक्टरांची लेखी संमति आणावी लागते. खरें सांगावयाचें तर सर्वत्र 'नाहीं' लिहून मोकळें व्हावें असा मोह मला झाला. मी रोज सकाळीं चार किलोमीटर चालत होतों, दम लागत नव्हता. मग ह्या कागदाचें एवढें प्रस्थ कशाला? परंतु मंडळींनीं हट्ट धरला, म्हणून मी मला बरें करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं श्वासाची चांचणी केली, छातीचा सी. टी. स्कॅन काढविला, आणि मग समोर बसवून मला एक धडा दिला.

ते म्हणाले, "आपण जमिनीवर राहतों तेव्हां वातावरणाचा एकपट दाब आपल्यावर असतो. समुद्रांत दर दहा मीटर खालीं गेलें कीं तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर दुप्पट, तीस मीटरांवर चौपट. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्मे होतें, हा नियम रॉबर्ट बॉईल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केला. बुडी मारणाऱ्याच्या तोंडाशीं जें यंत्र असतें तें भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला पुरवितें. म्हणून खोल पाण्यांतहि त्याचीं फुफ्फुसें नेहमींसारखीं भरतात. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो आणि गान्यां ह्या दोघांनीं सिद्ध केलेल्या यंत्राचें वर्म हेंच. उतरतांना फुफ्फुसांस फारसें भय नाहीं. भय आहे तें वर येतांना!"

हें मला नवीन होतें. माझी समजूत अशी कीं धोका काय तो खोलींत. पण हिशोब पाहा. दहा मीटरांवर कोणी छाती भरून सहा लिटर हवा घेतली आणि श्वास कोंडून तो वर आला, तर पृष्ठभागाशीं त्या हवेचे बारा लिटर होऊं पाहतात. तेवढी जागा छातींत कोठून यावी? म्हणून ह्या विद्येचा पहिला नियम असा, कीं श्वास कधींहि कोंडूं नये. वर येतांना हवा सतत बाहेर जाऊं द्यावी. दुसरें असें, कीं तिसांवरून वीस मीटरांवर आलें तर हवा एकतृतीयांशानें फुगते. दहांवरून वर आलें तर दुपटीनें. म्हणजे सर्वांत मोठा फरक उथळ पाण्यांतच पडतो. 'आम्ही फार खोल जाणार नाहीं' ह्या बोलण्यांत म्हणूनच फारसा अर्थ नाहीं.

निरोगी फुफ्फुसांतून ही वाढती हवा श्वासनलिकेच्या वाटेनें सुखरूप निघून जाते. परंतु जेथें जुन्या दुखण्याचा व्रण आहे तेथें वाट अरुंद झालेली असूं शकते. हवा आंत जाते, पण बाहेर पडण्यास अडते. डॉक्टरांनीं माझ्या चित्रावर बोट ठेवलें. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशीं, व्रणालगत, द्राक्षाएवढा एक हवेचा फुगा राहिला होता. "चालतांना, जिना चढतांना हा आपल्याला कांहीं करणार नाहीं," ते म्हणाले. "पण समुद्रांतून वर येतांना हा फुगून फुटला, तर हवा फुफ्फुसाभोवतीं शिरून तें मिटेल, किंवा रक्तांत शिरून तिचे बुडबुडे मेंदूपर्यंत जातील. आणि हें होईल तें अशा बेटावर, जेथून मोठें रुग्णालय गांठावयाचें तर आधीं समुद्र ओलांडावा लागतो."

मी गप्प बसलों. मग त्यांनीं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या इतरांच्या उपयोगाच्या आहेत. माणूस गळ्याइतक्या पाण्यांत उतरला कीं पायांतील रक्त पाण्याच्या दाबानें वर सरकतें आणि सुमारें अर्धा-पाऊण लिटर रक्त छातींत अधिक जमतें. निरोगी हृदय हा भार सहज उचलतें; दुखण्यानें थकलेलें हृदय थकूं शकतें. तिसरी गोष्ट नत्रवायूची. दाबाखालीं हा वायु रक्तांत व मांसांत विरघळतो, आणि माणूस घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें हॉल्डेन या शास्त्रज्ञानें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. बुडी मारल्यावर लगेच विमानांत बसूं नये याचें कारणहि हेंच. एका साध्या बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास थांबावें, असा संकेत आहे.

एवढ्यावरून न्यूमोनिया झालेल्या कोणीहि समुद्राचें नांव घेऊं नये असें मात्र समजूं नका. पुष्कळांचीं फुफ्फुसें पूर्ववत् होतात, आणि तपासणी निर्दोष निघाल्यास त्यांना संमतिहि मिळते. माझा फुगा माझ्या नशिबाचा. पण तो मला ठाऊक झाला तो तपासणीमुळें. चालतांना दम लागत नाहीं एवढ्यावर विसंबलों असतों तर कधींच कळला नसता.

मग जावें कीं न जावें? मुलगा म्हणाला, "बाबा, बेत रद्द करूं." मला तें बरें वाटलें नाहीं. मीं डॉक्टरांना विचारलें, "पाण्यावर नुसतें तरंगलें तर?" ते हंसले आणि म्हणाले, "खुशाल तरंगा! अंगांत तरंगण्याची बंडी घाला, सोबत माणूस ठेवा, आणि डोकें पाण्याखालीं घेऊन बुडी मारूं नका." पृष्ठभागावर तरंगत आंखूड नळीनें श्वास घेणाऱ्याच्या छातींत साध्या वातावरणाचीच हवा येते, तिला फुगण्यास कारणच नसतें. ही नळी हातभरच कां असते याचेंहि उत्तर त्यांतच आहे. नळी लांब करून मीटरभर खालीं गेलें तर छातीवर पाण्याचा एवढा भार पडतो कीं वरची हवा आंत ओढणें दुःसह होतें. शिवाय सोडलेलाच श्वास नळींत राहून पुन्हां आंत येतो.

जानेवारींत आम्ही परवाना काढून कोचीहून आगबोटीनें कदमत बेटावर गेलों. लक्षद्वीपचीं बेटें छत्तीस; त्यांतील दहांवर वस्ती आहे, आणि सगळ्यांची मिळून जमीन अवघी बत्तीस चौरस किलोमीटर. कदमत लांबट व चिंचोळें आहे. त्याच्या पश्चिमेस प्रवाळाच्या बांधानें अडविलेलें उथळ, हिरवेंनिळें पाणी पसरलेलें आहे. त्या पाण्यांत मी तोंड बुडवून तरंगलों. खालीं पोपटमासे प्रवाळ कुरतडीत होते. त्यांचा कुरतडण्याचा आवाज स्पष्ट ऐकूं येत होता. हाच चुरा त्यांच्या पोटांतून जाऊन पांढरी वाळू होऊन किनाऱ्यावर येतो.

कांहीं प्रवाळ मात्र निर्जीव, करडे दिसले. समुद्र फार तापला कीं प्रवाळाच्या अंगांत राहून त्याला अन्न पुरविणारें सूक्ष्म शेवाळ निघून जातें आणि तो पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ सालीं लक्षद्वीपवर हें संकट आलें. उष्मा लवकर उतरला तर प्रवाळ पुन्हां रंग धरतो; न उतरला तर मरतो. मेलेल्या एका खडकावर बोटभर उंचीची नवी जांभळी फांदी फुटलेली मीं पाहिली, आणि बराच वेळ तेथेंच तरंगत राहिलों.

शेवटच्या दिवशीं मुलगा शिक्षकाबरोबर बांधाच्या कडेशीं उतरला, आणि दुसऱ्या एका माणसाचा हात धरून मी त्याच्या वर तरंगत होतों. त्याच्या तोंडांतून निघणारे बुडबुडे वर येतांना फुगत, पसरट होत, आणि माझ्या छातीला लागून फुटत. बॉईलचा नियम मला त्या क्षणीं पुस्तकाविना समजला. मुलानें खालून हात हालविला, मींहि हालविला. दोघांनीं मिळून बुडी मारण्याचा बेत होता. तो अर्धाच साधला. पण आम्ही दोघेहि धडधाकट घरीं परतलों.

तुमच्यापैकीं कोणी आजारांतून उठून समुद्राचीं स्वप्नें पाहत असेल, तर अवश्य पाहा. मात्र त्या प्रश्नपत्रिकेवर खरें तेंच लिहा.