‘आमचं पोर तर डोळ्यांसमोरच आहे’

हैदराबादच्या बेगम बाजारात भांड्यांचं, मसाल्याचं किंवा सुक्या मेव्याचं दुकान असलेल्या घरातलं मूल कॉलेजला जातं ते बहुधा जवळपासच. जांबागच्या विवेकवर्धिनीत, निझाम कॉलेजात, फार तर उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात. रात्री जेवायला घरी. म्हणून इथल्या मराठी घरांत पहिला गैरसमज ठरलेला: टेन्शन हॉस्टेलवरच्या पोरांना, आमचं तर डोळ्यांसमोर आहे.

पण दुकान वाढवून, गल्ला मोजून बाबा घरी येतात तेव्हा खोलीचं दार लोटलेलं असतं. आई म्हणते, ‘झोपलाय.’ तो पहाटे तीनपर्यंत जागाच असतो. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वयाच्या चोविशीपर्यंत सुरू होतात, असं अमेरिकेतल्या २००५ सालच्या एका मोठ्या पाहणीत आढळलं. म्हणजे नेमकी कॉलेजची वर्षं. झोप, भूक, मित्रांशी बोलणं, आवडीच्या गोष्टी यांत दोन आठवड्यांहून जास्त काळ ठळक बदल दिसला, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

‘दुकानावर बसव, डोकं ताळ्यावर येईल’ हा काका-मामांचा हमखास सल्ला. वेळेवर उठणं, चार माणसांत असणं याचा काहींना उपयोग होतो, हे खरं. पण शिक्षा म्हणून गल्ल्यावर बसवलेलं पोर बरं होत नाही, फक्त गप्प होतं.

‘मार्कांचं विचारलं नाही तर पोरं शेफारतील’ हीसुद्धा जुनीच भीती. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणाच्या इंटरमीडिएटच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, निकालात गंभीर चुका निघाल्या. तेलुगूत ९९ गुण मिळवलेल्या एका मुलीच्या नावापुढे शून्य छापलं गेलं होतं. त्या निकालानंतर वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. अशा घटनेमागे सहसा एकच कारण नसतं. तरी ‘काहीही लागला तरी निकाल आपण मिळून बघू’ हे वाक्य निकालाच्या आदल्या रात्री बोलायचं असतं. दुसऱ्या दिवशी ते समजूत घातल्यासारखं वाटतं.

सगळ्यात घातक समज म्हणजे आत्महत्येचा विषय काढला की मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हा समज चुकीचाच ठरवते. शांतपणे, सरळ विचारावं: ‘जगू नये असं वाटतं का रे तुला?’ उत्तर ‘हो’ आलं तर रडारड नको, देवाची शपथ नको, ‘आमचा विचार नाही केलास?’ तर नकोच. त्याला एकटं सोडू नये, घरातली औषधं आपल्या ताब्यात घ्यावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

इथे ‘पोलीस केस होईल’ म्हणून पाय अडखळतो. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला मदत देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं उरलेलंच नाही.

मग येतं एर्रागड्डा. सरकारी मानसिक रुग्णालय तिथे असल्यामुळे हैदराबादेत हे नाव टिंगलीसाठी वापरलं जातं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणाऱ्या बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. तपासणी होते, बोलणं होतं, माणूस घरी येतो. स्थळं येणार नाहीत या धाकाने वर्ष वाया घालवलेली घरं मात्र पुष्कळ.

गोळ्यांची सवय लागते का? नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. काही झोपेच्या गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या परस्पर मेडिकलमधून आणू नयेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाला अपाय करण्याचे विचार वाढू शकतात. गोळी घेतली का, एवढंच विचारून आई-बाबांचं काम या दिवसांत संपत नाही. अस्वस्थपणा वाढतोय का, झोप उडालीय का, हे पाहून लगेच डॉक्टरांना कळवायचं.

आणि ‘फी आम्ही भरतो, तर डॉक्टरांनी आम्हाला सगळं सांगायला हवं’ हेही खरं नाही. उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. पोर आत काय बोललं ते खोदून विचारलं, तर पुढच्या खेपेला ते तिथेही बोलणार नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत चालते. मराठी, तेलुगू, हिंदी या भाषांतही तिथे बोलता येतं. मूल फोन करायला तयार नसेल, तर काय करावं हे विचारायला आई-बाबांनी स्वतः लावला तरी चालतो.