औषधांची खाण आपल्या पायाखाली

मृगाची पहिली सर पडली की बदलापूरच्या माळावर एक वास सुटतो. तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. परवा माझ्या दवाखान्यात बसलेल्या एका आजोबांना मी सहज विचारले, "आजोबा, हा वास कशाचा?" ते हसून म्हणाले, "मातीचा. आणखी कशाचा असणार?"

उत्तर निम्मे बरोबर आहे. नुसत्या मातीला असा वास नसतो. मातीत राहणारे काही जीवाणू 'जिऑस्मिन' नावाचे एक द्रव्य तयार करतात. पावसाचे थेंब कोरड्या जमिनीवर आपटले की ते द्रव्य हवेत उडते आणि आपल्या नाकापर्यंत येते. हे द्रव्य करणाऱ्यांत 'स्ट्रेप्टोमायसेस' ही जीवाणूंची जात प्रमुख आहे. वाचकहो, हे नाव लक्षात ठेवा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातल्या माणसाचा जीव या जातीने वाचवलेला आहे.

जीवाणू औषध का बनवतात?

चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. शिवाय बुरश्या असतात, त्या वेगळ्याच. आपल्या सकाळच्या बदलापूर लोकलच्या डब्यापेक्षाही तिथे दाटी जास्त! खायला थोडे आणि खाणारे फार. अशा ठिकाणी काही जीवाणू आपल्याभोवती एखादे रसायन सोडतात आणि त्यामुळे शेजारच्यांची वाढ खुंटते. शास्त्रज्ञांचा असाही कयास आहे की यातील काही रसायने भांडणासाठी नसून एकमेकांना निरोप देण्यासाठी असावीत. काही असो, याच रसायनांतून माणसाला प्रतिजैविके, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे मिळाली.

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसेसपासून 'स्ट्रेप्टोमायसिन' मिळाले. क्षयरोगावर खऱ्या अर्थाने लागू पडलेले हे पहिले प्रतिजैविक. १९५२ साली वॅक्समन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर औषध कंपन्यांनी जगभरातून मातीच्या पुड्या गोळा करण्याचा सपाटाच लावला. मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीतून १९४८ साली 'ऑरिओमायसिन' आले. पुढे त्याच कुळातले 'डॉक्सिसायक्लिन' तयार झाले. बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून 'व्हँकोमायसिन' निघाले. फ्रान्सच्या समुद्रकाठी पाइनच्या झाडांखालची माती १९५७ साली इटलीतील मिलान शहरात तपासली गेली आणि तिच्यातून 'रिफामायसिन' मिळाले. त्यात सुधारणा करून झाले 'रिफाम्पिसिन'. आज क्षयाच्या रुग्णाला ज्या गोळ्या रोज दिल्या जातात त्यांतली ही मुख्य गोळी. लघवीला केशरी रंग येतो तो हिच्यामुळे.

पुरानंतर लेप्टोच्या बचावासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, हे २६ जुलै २००५ चा महापूर पाहिलेल्या उल्हासकाठच्या लोकांना सांगायला नको. रोग चिखलाच्या पाण्यातून आला आणि त्यावरचे औषध मुळात मातीतूनच आले, अशी ही गंमत आहे.

पिंपरीची आणि मुलुंडची माती

हे सारे परदेशातच घडले असे मात्र नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. पेनिसिलिन स्वस्तात मिळावे हा त्यामागचा मुख्य उद्देश. पण तेथील शास्त्रज्ञ डॉ. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी तेवढ्यावर थांबले नाहीत. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी स्ट्रेप्टोमायसेसच्या एका नव्या प्रकारापासून 'हॅमायसिन' हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध शोधले. त्या जीवाणूचे नाव त्यांनी ठेवले 'स्ट्रेप्टोमायसेस पिंपरीना'. पिंपरी हे नाव अशा रीतीने जगाच्या जीवशास्त्रात नोंदले गेले. याच कारखान्याचे 'ऑरिओफंगिन' पिकांवरील बुरशीसाठी शेतकऱ्यांनी वापरले.

दुसरे उदाहरण तर आपल्या रोजच्या वाटेवरचे आहे. मुंबईला जाताना ठाणे मागे पडले की मुलुंड लागते. तेथे हेक्स्ट कंपनीचे मोठे संशोधन केंद्र होते. (१९९८ साली ते निकोलस पिरामल कंपनीकडे गेले.) या केंद्रात ठिकठिकाणची माती तपासली जात असे. खुद्द मुलुंडच्या मातीतून त्यांना 'बॅसिलस' जातीचा एक जीवाणू मिळाला आणि त्याच्यापासून 'मर्सासिडिन' हे द्रव्य. १९९२ साली त्यावरचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. इस्पितळांत जखमा चिघळवणारा आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा 'स्टॅफिलोकॉकस' नावाचा जंतू असतो. त्यावर हे द्रव्य परिणामकारक ठरले. जंतूच्या अंगाभोवतीची भिंत बांधण्यासाठी जो कच्चा माल लागतो, त्यालाच मर्सासिडिन जाऊन चिकटते. भिंत अपुरी राहते आणि जंतू मरतो. व्हँकोमायसिन हे औषधही त्याच मालाला पकडते, पण दुसऱ्या जागी. म्हणून मर्सासिडिनचे शास्त्रज्ञांना विशेष कौतुक वाटले.

मग हे औषध दुकानात का मिळत नाही? त्याचे उत्तर पुढे येईल.

आता समुद्राकडे

मातीइतकाच समुद्रही उदार आहे. १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर ब्रोत्झू नावाच्या डॉक्टरांनी पाहिले की कॅग्लियारी शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथे पोहूनही मुले टायफॉइडने फारशी आजारी पडत नाहीत. त्यांनी ते पाणी तपासले. त्यात एक बुरशी मिळाली आणि तिच्यापासून पुढे 'सेफॅलोस्पोरिन' या कुळातील औषधे आली. आज आपल्याकडे टायफॉइडला इस्पितळात जी इंजेक्शने देतात ती बहुधा याच कुळातली. (यावरून नाल्याच्या तोंडाशी पोहायला जावे असा अर्थ कृपया कोणी काढू नये!)

समुद्रातील स्पंज हा एका जागी बसलेला साधा प्राणी. त्याला पळता येत नाही, दात नाहीत, नखे नाहीत. तरी तो टिकून आहे, कारण त्याच्या अंगात तऱ्हेतऱ्हेची रसायने असतात. त्यांतली कित्येक त्याच्या शरीरात मुक्कामाला असलेले जीवाणू तयार करतात. कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात सापडलेल्या रसायनांच्या धर्तीवर 'सायटाराबिन' हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध तयार झाले. १९६९ पासून ते वापरात आहे. आपल्याकडे पिरामलच्या मुंबईतील शास्त्रज्ञांनी तमिळनाडूजवळच्या पाल्कच्या उपसागरातील स्पंजावरून एक जीवाणू वेगळा केला आणि त्याच्यापासून चिवट स्टॅफिलोकॉकसवर चालणारे द्रव्य मिळवले. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही समुद्री जिवांचा अभ्यास चालतो.

शोध लागतो कसा?

पद्धत ऐकायला सोपी आहे. चमचाभर माती पाण्यात कालवायची. ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करून खळीसारख्या घट्ट पोषक थरावर पसरायचे. काही दिवसांत ठिपक्यांसारख्या वसाहती उगवतात. त्यांतली एकेक उचलून रोगजंतू पसरलेल्या बशीत ठेवायची. जिच्याभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ कडे दिसेल, तिच्यात काहीतरी आहे असे समजायचे.

खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात. ते द्रव्य शुद्ध करायचे, त्याची रचना ओळखायची. बहुतेक वेळा कळते की हे तर आधीच सापडलेले आहे. नवे निघाले तरी ते माणसाला विषारी असू शकते. मग प्राण्यांवर चाचण्या, त्यानंतर माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या. यात दहा-पंधरा वर्षे आणि प्रचंड पैसा जातो. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, प्रतिजैविक मात्र पाच-सात दिवस. त्यातही नवे प्रतिजैविक डॉक्टरांनी जपून, राखूनच वापरायचे असते. त्यामुळे खर्च भरून निघत नाही आणि कित्येक मोठ्या कंपन्यांनी या कामातून अंग काढून घेतले. मर्सासिडिनसारखी अनेक द्रव्ये शोधनिबंधातच राहिली. मुलुंडच्या मातीने आपले काम केले, पण ते रुग्णापर्यंत पोहोचले नाही.

आशा अगदीच संपलेली नाही. मातीतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत, म्हणजे ते अजून तपासलेलेच नाहीत. काही शास्त्रज्ञांनी त्यांना बारीक छिद्रांच्या पट्टीत बंद करून परत मातीतच वाढवण्याची युक्ती काढली आणि २०१५ साली 'टेक्सोबॅक्टिन' हे नवे द्रव्य जाहीर केले. तेही अजून औषध व्हायचे आहे.

एक चूक, माझी

हे सगळे आज का सांगतो आहे? काही वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला एक तरुण माझ्याकडे आला. जीन्स शिवण्याच्या कारखान्यात कामाला होता. थुंकी तपासली, क्षय निघाला. सरकारी केंद्रातून मोफत गोळ्या सुरू झाल्या. मी त्याला इतकेच म्हटले, "सहा महिने घ्यायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत." दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, भूक लागू लागली. त्याने गोळ्या बंद केल्या. वर्षाच्या आत तो परत आला. या वेळी तपासणीत निघाले की रिफाम्पिसिन त्याच्या जंतूंवर चालत नाही. मग दीड वर्षाचे अवघड उपचार, कानात आवाज, उलट्या. नोकरी गेली. जीव वाचला, हे नशीब.

"डॉक्टर, बरं वाटत होतं म्हणून सोडल्या," तो म्हणाला. "मला काय माहीत?"

त्याला माहीत नव्हते, कारण मी सांगितले नव्हते. क्षयाचे बरेचसे जंतू पहिल्या दोन महिन्यांत मरतात, म्हणून बरे वाटते. पण काही जंतू सुस्त पडून राहतात. औषध अर्धवट सोडले किंवा मधूनमधून घेतले की त्यांतले चिवट तेवढे तगतात आणि पुढची सारी पिढी त्यांचीच होते. घरातल्या दुसऱ्या कोणाला लागण झाली, तर ती या चिवट जंतूंचीच होते.

आणखी एक कबुली देतो. साध्या सर्दी-तापाला "डॉक्टर, काहीतरी पावरफुल द्या" असा आग्रह झाला की मीही पूर्वी प्रतिजैविक लिहून देत असे. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ही औषधे चालत नाहीत, हे ठाऊक असूनही. आता देत नाही. त्यामुळे काही रुग्ण दुसरीकडे गेले. जाऊ देत.

आपण काय करावे?

१. पाकिटावर तांबडी उभी रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. दुकानदारानेही देऊ नये. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची दुकानात वेगळी नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

२. दिलेली मुदत पाळावी. मुदत किती हे डॉक्टरांना विचारावे आणि का, हेही विचारावे. तो आपला हक्क आहे.

३. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, संडासात किंवा नाल्यात टाकू नयेत. शिवमंदिराजवळून वाहणारी आपली वालधुनी रंगांनी आणि रसायनांनी आधीच काळवंडली आहे. सांडपाण्यात औषधांचा अंश मिसळला की तिथले जंतू त्याला सरावतात.

४. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना सकस आहारासाठी पैसेही मिळतात.

५. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. डॉक्सिसायक्लिन मनाने घेऊ नये. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना तर मुळीच नाही.

६. मातीत औषध आहे म्हणून जखमेला माती लावू नये! त्याच मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

मातीने आपल्याला ही औषधे दिली, पण त्यांचा साठा अमर्याद नाही. नवे औषध सापडायला आणि रुग्णापर्यंत यायला पंधरा वर्षे लागतात. असलेले औषध निकामी व्हायला मात्र एका रुग्णाच्या चार महिन्यांच्या अर्धवट गोळ्या पुरतात. तो तरुण आता पुन्हा कामावर जातो. मधून भेटतो तेव्हा सांगतो की कारखान्यात कोणी खोकायला लागला की तो त्याला स्वतः केंद्रात घेऊन जातो आणि वर बजावतो, "बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत."

मी सांगायला विसरलो होतो, ते तो विसरत नाही.